तिसरा दिवस गुरुजींचा

२२ जानेवारी २०२५, बुधवार. हा डोंग, हनोई, व्हिएतनाम

सुट्टीच्या आधीचा आठवडा मास्तराला कुठल्याही देशात जडच जातो. तिसरीचा वर्ग, बेचाळीस पोरं, आणि सगळ्यांचं चित्त तेतमध्ये. तेत म्हणजे इथलं चांद्र नववर्ष. यंदा २५ जानेवारी ते २ फेब्रुवारी अशी सलग नऊ दिवस सरकारी सुट्टी आहे. पोरं आता घरीच जाणार, म्हणून मी 'फॅमिली'चा धडा काढला. फळ्यावर 'अंकल' लिहिलं आणि पहिल्या बाकावरच्या चष्मेवाल्यानं हात वर केला.

"टीचर, कुठला अंकल?"

प्रश्न रास्त होता. वडिलांचा थोरला भाऊ तो बाक, धाकटा तो चू, आईचा धाकटा भाऊ तो कउ. यातला 'अंकल' कोण? मी म्हटलं, सगळेच. मी त्याच्या घरातली दोन माणसं हरवून आल्यासारखं त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला सांगावंसं वाटलं, की बाळा, आमच्याकडेही काका निराळा आणि मामा निराळा, आणि 'अंकल' म्हणजे बहुतेक वेळा वरच्या मजल्यावरचे शेजारी. पण एवढं व्हिएतनामी मला येत नाही. घंटा झाली.

माझ्याबद्दल थोडं सांगतो. गाव सांगोला तालुक्यातलं. एम. ए. झालो, सेट झालो आणि सहा वर्षं तासिका तत्त्वावर प्राध्यापकी केली. हे तत्त्व ज्यांना माहीत नाही ते सुखी. तासाचे पैसे, आणि तेही वर्षात दोनदा हातात पडले तर दिवाळी. शेवटी पदवीवर मंत्रालय, परराष्ट्र खातं, वकिलात असे शिक्के मारून घेतले, पोलिसांचा दाखला काढला, इंग्रजी शिकवण्याचं एक प्रमाणपत्र मिळवलं आणि विमानात बसलो. गंमत म्हणजे इथेही मी तासावरच आहे. सकाळी सरकारी शाळेत, संध्याकाळी भाषा केंद्रात. तेतचे नऊ दिवस तास नाहीत, म्हणून पैसे नाहीत. फरक एवढाच, की महिन्याचे पैसे महिन्याला मिळतात. पहिल्या केंद्रात मला सांगितलं होतं, पालकांनी विचारलं तर इंग्लंडचा आहे म्हणा. मी म्हटलं, आणि रंगाचं काय सांगू? तर म्हणाले, समुद्रावर सुट्टी घालवून आलोय म्हणा. ते केंद्र मी तीन महिन्यांत सोडलं.

आज इथल्या चांद्र वर्षाच्या शेवटच्या महिन्याची तेवीस तारीख. आजच्या दिवशी चुलीचे देव कार्प माशावर बसून स्वर्गात जातात आणि घराघराचा वर्षभराचा अहवाल वर देतात. संध्याकाळी तळ्यावर गर्दी होती. लोक प्लास्टिकच्या पिशवीतून लाल मासे आणून पाण्यात सोडत होते, आणि काठावर दोन कॉलेजची पोरं पाटी धरून उभी होती: मासे सोडा, पिशव्या सोडू नका. आमच्या तालुक्याच्या तळ्यावर अनंत चतुर्दशीला असंच निर्माल्यासाठी पिंप घेऊन उभं राहावं लागतं.

२६ जानेवारी, रविवार

काल षट्‌तिला एकादशी होती. शेंगदाणे आणि केळी, एवढ्यावर निभावलं. इथे साबुदाणा मिळतो, पण लोक तो नारळाच्या दुधातल्या गोड पदार्थात घालतात. खिचडी करायला गेलो की त्याचा गोळा होतो.

आज फुलं बघायला तांबड्या नदीकडे गेलो. उत्तरेत तेतला घरात गुलाबी पीचची फांदी लागतेच, आणि दारात संत्र्यासारख्या बारक्या फळांनी लगडलेलं क्वातचं झाड. दक्षिणेत पीचच्या जागी पिवळी माई असते. न्हात तानच्या पीच बागा आणि तू लियेनच्या क्वात बागा नदीच्या काठालाच आहेत. सप्टेंबरात यागी वादळ आलं, नदी चढली आणि झाडं कितीतरी दिवस पाण्यात उभी राहिली. मुळं कुजली. एका बागवानानं मला वाळक्या खोडांची रांग दाखवली, प्रत्येकाला जुन्या गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी तशीच बांधलेली. मोठी झाडं इथे सहसा विकत नाहीत, भाड्यानं देतात. सण झाला की झाड परत बागेत येतं. आमच्याकडे डाळिंबावर तेल्या पडल्यावर बाग उपटणाऱ्या माणसाचं तोंड जसं होतं, तसंच त्याचं होतं. मी भाव केला नाही. एक लहान फांदी घेतली.

रस्त्यावर मात्र नवल दिसलं. मोटारसायकलीच्या मागे अख्खं झाड बांधलेले लोक लाल सिग्नलला शिस्तीत थांबलेले. १ जानेवारीपासून नवा नियम आलाय, दुचाकीनं सिग्नल तोडला तर ४० ते ६० लाख डोंग दंड. लाखाला घाबरू नका, एका रुपयाला साधारण २९० डोंग बसतात. तरी वीस हजारांपर्यंतचा फटका. हनोईची फुटपाथवरून पळणारी वाहतूक एका रात्रीत सज्जन झाली आणि चौकाचौकात मारुतीच्या शेपटासारख्या रांगा लागल्या.

२७ जानेवारी, सोमवार. निन्ह बिन्ह

केंद्रातल्या माझ्या सहायक शिक्षिकेनं तेतला गावी बोलावलं होतं. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, म्हणून ती 'ची', म्हणजे ताई, आणि तिच्याशी बोलताना मी स्वतःला 'एम' म्हणायचं, म्हणजे धाकटा भाऊ. व्हिएतनामीत नुसतं 'मी' आणि नुसतं 'तू' जवळजवळ वापरतच नाहीत. समोरच्याचं वय कळल्याशिवाय वाक्यच सुरू होत नाही. म्हणून पहिल्या भेटीत जन्मसाल विचारतात, आणि पाश्चात्त्य शिक्षक त्यावर रागावतात. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. एसटीत शेजारी बसलेल्या आजींनी मला याहून अवघड प्रश्न विचारलेले आहेत.

झाप बात बसस्थानकातून गाडी पकडली. गणपतीच्या आदल्या दिवशीचं मुंबईचं कोकणवालं स्टँड डोळ्यापुढे आणा आणि माणसांच्या हातात मखराऐवजी पीचच्या फांद्या द्या. नव्वद-पंचाण्णव किलोमीटरला साडेतीन तास लागले. माझ्या पायाशी एका खोक्यात कोंबडा होता. त्याला पुढचं सगळं कळलं असावं, तो गप्प होता.

जाता जाता एक गोष्ट सांगून टाकतो. मुळाक्षरांच्या तक्त्यावर ङ आणि ञ यांच्यापुढे चित्र नसायचं. गुरुजी म्हणायचे, यांचं कुणी नाही, नुसतं पाठ करा. त्या दोघांना मी व्हिएतनाममध्ये पोटापाण्याला लागलेलं पाहिलं. घराला इथे 'ञा' म्हणतात. दिवसाला 'ङाय'. निन्ह बिन्ह मी वाचायला सोपं म्हणून तसं लिहितोय, खरा उच्चार 'निञ बिञ'. आणि इथला 'थ' तर आपल्या थाळीतलाच. अमेरिकन सहकारी त्याच्याशी झटत असतात आणि मी बसून बघतो.

गाव चुनखडीच्या डोंगरांच्या पायथ्याशी. भातखाचरात एकदम उभा राहिलेला काळा सुळका, मग पुन्हा सपाट खाचर, मग पुन्हा सुळका. अंगणात ताईचे वडील बसले होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तुझे वडील कुठल्या सालचे? १९५६, मी म्हटलं. ते १९५८ चे. म्हणजे ते माझ्या वडिलांहून धाकटे, म्हणून 'चू'. ते जर थोरले निघाले असते तर 'बाक' झाले असते. त्यांना हायसं वाटलं, आता बोलता येणार होतं.

घरात नव्वदीच्या आजी, 'बा'. मी मांस-मासे खात नाही हे ताईनं आधीच कळवलं होतं आणि घर चिंतेत होतं, कारण इथे भाजीतही नुओक माम, म्हणजे माशाचं पाणी पडतं. आजीनं माझ्या गळ्यातली तुळशीची माळ बोटांत धरून पाहिली. मग तिच्या कमरेच्या पिशवीतून स्वतःची जपमाळ काढून दाखवली. "आन चाय," ती सगळ्यांना म्हणाली. म्हणजे बुद्धाचं खाणं खातो. ती स्वतः अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या दिवशी चाय खाते. आमची एकादशी मी तिला बोटांवर मोजून दाखवली. अकरावा दिवस कशाला निवडला, हे तिला पटलं नाही.

दुपारभर बाञ चुंग बांधणं चाललं. हिरव्या दोंगच्या पानांचा चौकोन करायचा, त्यात भिजवलेला चिकट तांदूळ, वर सोललेल्या मुगाची शिजवलेली डाळ, मिरपूड घातलेलं डुकराचं मांस, पुन्हा डाळ, पुन्हा तांदूळ, आणि बांबूच्या ओल्या सालीनं बांधायचं. चौकोन म्हणजे पृथ्वी, असं त्यांची लोककथा सांगते. साचा न घेता आजीच्या हातून कोपरे काटकोनात निघत होते. माझा चौकोन सारखा मोदक व्हायचा. आजीनं तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला आणि सोडून पुन्हा बांधला. शेवटी चार वड्या नुसत्या डाळीच्या केल्या आणि ओळखू याव्यात म्हणून त्यांना लाल दोरा बांधला. तो दोरा मी वारंवार बघत होतो. परक्या मुलखात आपल्या वाटणीचं कुणी खूण करून बाजूला काढतं, तेव्हा घशाचं काहीतरी होतं.

रात्री अंगणात विटांच्या चुलीवर मोठं पातेलं चढलं. हे दहा-बारा तास उकळतं, आणि पाणी कमी झालं की घालायला कुणीतरी जागं राहावं लागतं. चू, ताईचा भाऊ आणि मी पोत्यावर बसलो. निखाऱ्यात रताळी. हुरड्याची आठवण आली म्हणून सांगणार होतो, पण 'हुरडा' समजावून सांगायला कुणाच्याच भाषेत शब्द नव्हता, म्हणून रताळं खाल्लं.

२८ जानेवारी, मंगळवार

वर्षाचा शेवटचा दिवस. सकाळी घर धुतलं, पूर्वजांची वेदी पुसली, पाच फळांचं ताट मांडलं. दुपारी वडीलधाऱ्यांची कुजबुज सुरू झाली आणि त्यात माझं नाव येत होतं.

मध्यरात्रीनंतर घरात पहिलं पाऊल कोणाचं पडतं यावर वर्ष ठरतं. याला सोंग दात म्हणतात. तो माणूस यजमानाच्या राशीला जुळणारा लागतो, आणि इथली रास जन्मवर्षाच्या प्राण्यावरून ठरते. चू कुत्र्याच्या वर्षातले, मी १९९० चा म्हणजे घोड्याचा. वाघ, घोडा, कुत्रा यांचं सख्य असतं. शिवाय मी शिकलेला, आईवडील दोघं हयात, घरात सुतक नाही. एकच खोट होती, लग्न झालेलं नाही. त्यावर अर्धा तास चर्चा झाली. मला ती पूर्ण समजली नाही, पण सूर ओळखीचा होता. शेवटी चू म्हणाले, चालेल.

म्हणून रात्री पावणेबाराला मी फाटकाबाहेर काळोखात उभा. अंगावर तीन थर, हातात पीचची फांदी आणि लाल पाकिटं. आतून टीव्हीचा आवाज. आवाजाच्या फटाक्यांवर १९९५ पासून बंदी आहे, मोठी आतषबाजी सरकारच करतं, त्यामुळे गावात विलक्षण शांत होतं. मी वाक्य घोकत होतो: चुक मुंग नाम मोई, नव्या वर्षाच्या शुभेच्छा. त्या भाषेत सहा सूर आहेत. 'नाम' सपाट सुरात म्हटलं तर वर्ष. खाली उतरत्या सुरात म्हटलं तर आडवं होणं.

बारा वाजले, शहराच्या बाजूला आकाश लाल-हिरवं झालं. मी फाटक ढकललं, उंबऱ्यात उजवा पाय टाकला (हा आपला नियम, त्यांना त्याचं काही नाही) आणि थंडीनं कापत, उतरत्या सुरात, सगळ्या घराला नव्या आडवं होण्याच्या शुभेच्छा दिल्या.

क्षणभर कुणी हललं नाही. मग आजी हसायला लागली. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. चू म्हणाले, वर्षाची सुरुवात हसून झाली, याहून काय पाहिजे. ते तांदळाच्या दारूचे पेले भरत आले, माझ्या माळेकडे पाहून थांबले आणि माझ्या पेल्यात चहा ओतला. मोत, हाय, बा, झो! म्हणजे एक, दोन, तीन, घ्या!

२९ जानेवारी, बुधवार. तेतचा पहिला दिवस

सकाळी आईचा फोन आला. गावात कुणी ना कुणी प्रयागराजला गेलेलं, आणि रात्रीच्या चेंगराचेंगरीची बातमी टीव्हीवर सतत चाललेली. सगळे सुखरूप असल्याचं कळलं होतं, तरी तिचा आवाज बारीक होता. मी विषय बदलावा म्हणून म्हटलं, इथे आज नवं वर्ष. ती म्हणाली, "आवसंला? आवसंला कसलं आलंय नवं वरीस?" चंद्र तोच, अमावास्याही तीच. आपण तिला महिन्याच्या शेवटी बसवतो, ते पहिल्या दिवशी.

आज सगळ्यांचं वय एकदम एकानं वाढलं. पासपोर्टवर मी चौतीस. इथल्या हिशोबानं छत्तीस, कारण पोटातलं वर्षही धरतात. पाहुण्यांची रीघ लागली आणि प्रत्येकानं विचारलं, लग्न झालं का? याला 'नाही' असं उत्तर द्यायचं नसतं. 'चुआ' म्हणायचं, म्हणजे 'अजून नाही'. दिवसभरात मी हा शब्द इतक्यांदा म्हटला की त्याचा सूर बिनचूक झाला. लहान पोरांना मी लाल पाकिटातून कोऱ्या नोटा दिल्या. नोटा कोऱ्याच लागतात. त्यासाठी सुट्टीआधी बँकेत ओळख काढावी लागते, हे मला उशिरा कळलं. माझ्या नोटा मी इस्त्री केल्या होत्या. प्लास्टिकच्या नोटेला इस्त्री करू नये. एक आक्रसून बिस्किटाएवढी झाली.

बाञ चुंग सुरीनं कापत नाहीत. बांधलेल्या सालीच्याच बारीक चोया काढतात, त्या मोकळ्या वडीवर चांदणीसारख्या आडव्या-उभ्या पसरतात, वर ताट ठेवून वडी उलटी करतात, आणि मग चोयांची टोकं धरून एकेक ओढतात. आठ तुकडे, कडा स्वच्छ. लाल दोऱ्याची वडी आजीनं माझ्यासाठी स्वतः ओढली. चव सांगायची तर मुगाची खिचडी पानात दाबून रात्रभर शिजवलीत तर जे होईल ते. बरोबर लोणच्याचे कांदे.

जेवणानंतर कलिंगडाच्या बियांची टरफलं जमिनीवर पसरली होती. मी चांगुलपणा करायला कोपऱ्यातली केरसुणी उचलली. आजी ओरडली. खरंच ओरडली. तेतचे पहिले दिवस झाडायचं नाही, घरातली लक्ष्मी केरासोबत जाते. मी केरसुणी जागेवर ठेवली आणि तिला नमस्कार केला. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला हिलाच हळदकुंकू वाहतात, असं ताईकरवी सांगितलं. आजीनं केरसुणीकडे थोडा वेळ पाहिलं. "मग तुमच्याकडे झाडतं कोण?" तिनं विचारलं.

३० जानेवारी, गुरुवार

दुसरा दिवस आईच्या माहेरचा. ताईचं घर मामाकडे गेलं, मी ताम कोकला. नाव तीन गुहांवरून पडलंय आणि नदी त्या तिन्हींच्या पोटातून जाते. नावाडीण मागे रेलून बसते आणि वल्ही पायांनी मारते, हातांनी फोनवर बोलते. जवळच होआ लु. ९६८ ते १०१० देशाची राजधानी इथे होती, मग ती आजच्या हनोईच्या जागी हलवली. डोंगरांची तटबंदी बघून शत्रू कसा आत येणार हे कळतं. मात्र राजाला वाढायला जागा नव्हती, हेही कळतं. गर्दी फार. फोटो काढणाऱ्या माणसांचेच फोटो येत होते, म्हणून लवकर परतलो.

३१ जानेवारी, शुक्रवार. तेतचा तिसरा दिवस

इथे एक म्हण आहे: पहिला तेत बापाचा, दुसरा आईचा, तिसरा थायचा. थाय म्हणजे गुरुजी. बाई असतील तर 'को'. २० नोव्हेंबरला शिक्षक दिनही असतो, तेव्हा फुलं आणि भाषणं होतात. पण तिसऱ्या दिवशी माणसं पायी, न सांगता, जुन्या मास्तरांच्या घरी जातात.

ताईचे थाय तळ्याच्या पलीकडे राहतात. जन्म १९४४ चा. अंगणात आधीच दहाएक विद्यार्थी होते. त्यातला एक ट्रक चालवतो, पन्नाशीचा, दंडावर गोंदलेलं, आणि थायपुढे हात बांधून स्वतःला 'एम' म्हणत बसलेला. थायनी एकेकाला नावानं हाक मारली. कोण कुठल्या बाकावर बसायचं, हेही सांगितलं.

मला त्यांनी शेजारी बसवलं. त्यांची गोष्ट तुकड्यातुकड्यांनी कळली. अमेरिकेची विमानं यायची त्या काळात त्यांनी शिकवायला सुरुवात केली. वर्गाच्या कडेनं खंदक, आणि पोरांच्या डोक्यावर बॉम्बच्या कपच्या अडवायला पेंढ्याच्या विणलेल्या जाड टोप्या. विषय रशियन. त्या वेळी परकी भाषा म्हणजे मुख्यतः रशियन. १९८६ नंतर देशाची दारं उघडली, पुढे सोव्हिएत संघ गेला, आणि नव्वदच्या दशकात रशियनच्या शिक्षकांना सांगण्यात आलं, आता इंग्रजी शिकवा. पन्नाशीच्या आसपास ते पुन्हा वर्गात बसले. इंग्रज माणूस कधी पाहिलेला नाही. पुस्तक, कॅसेट, रेडिओ, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहायचं.

हे सांगताना ते इंग्रजी हळूहळू, एकेक शब्द दगडावर ठेवल्यासारखं बोलत होते. व्याकरण चोख. मग ते उठून आत गेले आणि एक कागद घेऊन आले. भिंतीवरच्या रोज फाडायच्या कॅलेंडरचं परवाचं पान. त्यावर चांद्र तारीख, सूर्याची तारीख, आणि खाली बारीक अक्षरात इंग्रजी वार. त्यांनी त्या वारावर बोट ठेवलं.

"थाय," ते मला म्हणाले, "हा शब्द कसा म्हणतात?"

वर्गात पोरं मला 'टीचर' म्हणतात, केंद्रात 'मिस्टर', रस्त्यावर 'हॅलो'. थाय मला इथे पहिल्यांदाच कुणी म्हटलं होतं, आणि तेही माझ्या वडिलांहून मोठ्या माणसानं. दोन शिक्षक एकमेकांना असंच म्हणतात, ताईनं नंतर सांगितलं. त्या वेळी मी फक्त कागदाकडे पाहिलं.

"वेन्झडे," मी म्हटलं. "मधला 'ड' लिहायचा, म्हणायचा नाही."

त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. व्हिएतनामीत रविवार सोडला तर वारांना नावं नाहीत, आकडे आहेत. सोमवार 'दुसरा', बुधवार 'चौथा'. त्यामुळे हा शब्द त्यांना कायमच विनाकारण लांबलेला वाटत आला असणार. मग ते अंगणाकडे वळून काहीतरी बोलले आणि सगळे हसले. ताई म्हणाली, थाय म्हणतायत, मी तुम्हाला इतकी वर्षं वेड-नेस-डे शिकवलं, ते आज मला परत करा.

ट्रकवाला उभा राहिला. "वेड-नेस-डे!" तो खणखणीत आवाजात म्हणाला. "परत करणार नाही."

मी थायना सांगितलं, की आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजींनी आम्हालाही असंच पाठ करून घेतलं होतं. वेड-नेस-डे, फेब-रु-अरी. तसं म्हटलं की स्पेलिंग चुकत नाही. "शहाणे होते," थाय म्हणाले. निघताना त्यांनी मला लाल पाकीट दिलं. मी घेणार नव्हतो, ताईनं डोळ्यांनी दटावलं.

रात्री गावाकडे गुरुजींना फोन लावला. आम्ही दीड तास पुढे आहोत, त्यांची जेवणं नुकतीच होत होती. पाच-सहा वर्षांत बोललो नव्हतो. कुठे आहेस, काय खातोस, थंडी आहे का, असं सगळं झालं. थायबद्दल सांगायचं होतं, पण गुरुजींना ऐकू कमी येतं आणि फोनवर ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. शेवटी त्यांनी जे विचारायचं ते विचारलं.

"पर्मनंट झालास का रे?"

"चुआ," माझ्या तोंडून निघून गेलं.

"काय?"

"अजून नाही, गुरुजी."

१ फेब्रुवारी, शनिवार

माघी चतुर्थी. सकाळी अंगणात कागदी पैसे आणि कागदी कपडे जाळून पूर्वजांना निरोप दिला. सणाला आलेले ते आज परत गेले. मला गणपती जयंतीचा दिवस निरोपाचा वाटेना, पण आजीनं वेदीवरचा एक लाडू माझ्या हातावर ठेवला. कसला होता ते शेवटपर्यंत कळलं नाही, तिळाचा असावा. उरलेली लाल दोऱ्याची वडी तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातली. परतीच्या गाडीत कोंबडा नव्हता, पण गर्दी दुप्पट.

३ फेब्रुवारी, सोमवार. हा डोंग

सकाळी वडीचे काप तव्यावर परतले. असे तळून ते जास्त चांगले लागतात, हे मला आठवडाभर कुणी सांगितलं नव्हतं.

वर्गात पोरं नव्या कपड्यांत आणि बोलायला उतावीळ. आज पुस्तक काढलं नाही, ज्याला जे सांगायचं ते इंग्रजीत सांग म्हटलं. बहुतेकांनी पैशांबद्दल सांगितलं. चष्मेवाला पुढे आला आणि बोटांवर मोजायला लागला. एका अंकलनं पन्नास हजार. दुसऱ्या अंकलनं शंभर हजार. मग त्यानं खिशातून घडी घातलेलं पाकीट काढलं आणि वर धरलं. यात दोनशे.

"धिस इज अंकल टू?" मी विचारलं.

"नो," तो म्हणाला. "कउ."